गव्याला दिलेले आवतन

संपादक महोदयांनी लेख मागवताना 'पिंजऱ्यातील बायसनच्या रम्य आठवणी' अशी शब्दयोजना केली आहे. एवढ्याशा ओळीत तीन चुका आहेत, आणि त्या दुरुस्त केल्याखेरीज मला पुढे जाता येणार नाही. तो प्राणी बायसन नव्हे. बायसन अमेरिकेत आणि युरोपात असतात. आपल्याकडील प्राण्याला ते नाव गोऱ्या शिकाऱ्यांनी अज्ञानाने दिले आणि आपण ते विनातक्रार चालवले. आपला तो गवा. काही जण त्याला रानरेडा म्हणतात, तेही चूक, कारण तो म्हशीच्या नव्हे तर गाईच्या कुळातला आहे. दुसरे, तो पिंजऱ्यात नव्हता. काही एकरांच्या कुंपणबंद आवारात होता. आणि तिसरे, आठवणी रम्य नाहीत. मी नऊ वर्षे त्या आवारासमोर उभा होतो आणि त्यांतली बहुतेक रागात गेली.

मी वनखात्यात वनपाल होतो. नोकरीची अखेरची वर्षे चिखलदऱ्याच्या घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा प्राणीकेंद्रात काढली. केंद्राचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आज तिथे काम करणाऱ्यांना माझ्या जुन्या भांडणांचा उपद्रव नको. विहिरीत पडलेले, तारेत अडकलेले, आईपासून तुटलेले प्राणी तिथे येत. बरे होत ते जंगलात परत जात. जे परत जाण्यास असमर्थ ठरत, ते कायमचे आमचे आणि पर्यायाने पर्यटकांचे होत.

गव्याची मादी अशीच आली होती. पायथ्याच्या एका शेतातल्या बिनकठड्याच्या विहिरीत पडलेले, सोनेरी रंगाचे, आठवडाभराचे वासरू. गव्याचे वासरू जन्मतः असे फिकट सोनेरी असते हे पुष्कळांना ठाऊक नसते. काळेपणा मागाहून येतो. आमचा प्राणीरक्षक बाबूलाल याने तिला बाटलीने दूध पाजून वाढवले. बाबूलाल मेळघाटातला कोरकू आदिवासी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. सरकारी कागदावर ती 'मादी क्रमांक दोन' होती. मी तिचा उल्लेख तसाच करीत असे, कारण वन्यप्राण्याला लाडके नाव देणे म्हणजे त्याला पाळीव समजण्याची पहिली पायरी, असे माझे मत होते आणि आहे. बाबूलाल तिला 'बाईसाहेब' म्हणे. मी त्याला याबाबत दोनदा लेखी समज दिली. त्याने दोन्ही वेळा सही केली आणि कागद परत देताना विचारले, "मंग साहेब, बाईसाहेबाईले आज चारा किती टाकू?"

गव्याकडे पाहणे हे काम आहे, हे बाहेरच्यांना पटवणे कठीण. वाघ पाहायला डोळे लागतात, गवा पाहायला वेळ लागतो. सकाळी पहिले काम शेण बघण्याचे. त्याचा घट्टपणा, रंग, त्यात काही न पचलेले आहे का, हे सांगते की आत काय चालले आहे. मग रवंथ. निरोगी गवा दिवसाचा मोठा भाग रवंथ करण्यात घालवतो. पोटातला घास वर आणतो, पन्नास-साठ वेळा चावतो, गिळतो, क्षणभर थांबतो, पुढचा आणतो. मी ते चावणे मोजत असे. चावणे कमी झाले तर शंका, थांबले तर संकट. आणि तो अंगाने आडवा वळला, मान खाली घालून आपली सगळी लांबी-रुंदी तुम्हाला दाखवू लागला, तर तो छायाचित्रासाठी उभा नाही. तो सांगतो आहे, माझा आकार बघा आणि निघा. नेमक्या त्याच क्षणी पर्यटकांच्या कठड्यावर सगळे मोबाईल वर होत.

पर्यटकांविषयी लिहायचे तर हा अंक पुरणार नाही. 'जिवंत आहे का मेला' हे पाहण्यासाठी खडा मारणारे असत. शीळ घालणारे असत. एक सुशिक्षित गृहस्थ गव्यासमोर तासभर हंबरत होते, मी हटकल्यावर म्हणाले, "काका, मी त्याच्याशी बोलून राहिलो." धामणगावच्या एका व्यापाऱ्याने तक्रारवहीत लिहिले की प्राणी पूर्ण वेळ पाठमोरा उभा होता आणि कर्मचाऱ्यांनी त्याबाबत काहीही केले नाही. मी त्यांना रजिस्टर टपालाने दोन पानी उत्तर पाठवले. प्राण्याने कोणत्या दिशेस तोंड करावे याविषयी कायद्यात तरतूद नसल्याचे आणि सदर प्राण्याने आपली नापसंती याहून सभ्यपणे व्यक्त करणे शक्य नसल्याचे त्यांस कळवले. पुढच्या उन्हाळ्यात ते गृहस्थ पुन्हा आले, बाकावर बसले आणि दुपारभर पाहत राहिले. जाताना म्हणाले, "साहेब, तुमचं पत्र वाचून राग लय आला होता. पन येऊन पाहावंसं वाटलं." माझ्या पत्रव्यवहाराला मिळालेले हे एकमेव यश म्हणून मी ते नोंदवतो.

बाकी पत्रांचे काय झाले, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम अडतीस-जे नुसार प्राणीसंग्रहालयातील प्राण्यास छेडणे, इजा करणे, खाऊ घालणे, आवाजाने वा अन्यथा त्रास देणे यांस मनाई आहे. ते संपूर्ण कलम मी मोठ्या फलकावर, कायद्याच्याच भाषेत, एकही शब्द न गाळता रंगवून घेतले. आवारात पूर्वी एक नर गवा होता. त्याच्या मृत्यूनंतर पोट उघडले तेव्हा आत प्लास्टिकच्या पिशव्यांचा दोरखंडासारखा पीळ निघाला होता. तो बघितल्यावर मी फलकाची रुंदी दुप्पट केली. लोक त्याला टेकून फोटो काढत. बाबूलाल एकदा म्हणाला, "साहेब, हे कोन वाचते? मलेच वाचाले अर्धा घंटा लागला. तवरीक मानूस चार बिस्किटं टाकून निंघून जाते."

मी त्याचे ऐकायला हवे होते. मी ऐकले नाही. मी वरिष्ठ कार्यालयास पत्र लिहिले.

आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात आणि त्यांच्या कानाशी जाऊन म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आवतन म्हणजे आमंत्रण. दुसऱ्या दिवशी बैल सजवून, ओवाळून, पुरणपोळीचा घास त्यांना भरवल्याशिवाय घरातला माणूस पान घेत नाही. पण गेल्या काही वर्षांत शेतात ट्रॅक्टर आले आणि गोठे रिकामे झाले. मातीच्या बैलांना नैवेद्य दाखवून समाधान न होणारी माणसे मग जिवंत जनावर शोधू लागली. पावसाळ्यात चिखलदऱ्याला जाणारी गर्दी आमच्या दारावरूनच जाते. कुणाच्या तरी मनात आले की इथे तर बैलांचा थोरला भाऊ उभा आहे, पांढऱ्या पायांचे मोजे घालून, जणू सजवलेलाच. एका वर्षी दोन-चार डबे आले, पुढच्या वर्षी वीस-पंचवीस. धोका ओळखून मी पोळ्याच्या दिवशी कठड्याची बाजू बंद ठेवण्याची परवानगी मागितली. तीन पत्रांना उत्तर आले नाही. त्या वर्षी मादी क्रमांक दोन गाभण होती. नर मरण्याआधीचा तो गर्भ. त्या आवारातली पुढची पिढी म्हणजे तेवढा एकच जीव.

पोळ्याच्या दिवशी दुपारी मी कार्यालयात बसून चौथे पत्र लिहीत होतो. मसुदा उत्तम उतरला होता. संदर्भ, विषय, संभाव्य धोका, जबाबदारी निश्चिती, सर्व काही क्रमवार. त्याच वेळी, माझ्या खिडकीपासून दीडशे पावलांवर, कठड्यावरून आत पुरणपोळ्या पडत होत्या. बाबूलाल एकटा एका टोकाला अडवीत होता तेव्हा दुसऱ्या टोकाला माणसे हात जोडून पोळ्या सोडत होती. मी पत्र पूर्ण करून, जावक क्रमांक टाकून बाहेर आलो. गर्दी पांगत आली होती आणि मादी जमिनीवरचा शेवटचा तुकडा चाटत होती. हे मी कोणत्याही चौकशीत सांगितले नाही, कारण कुणी विचारले नाही. इथे सांगतो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीच्या सकाळी, बाबूलाल धावत आला.

"साहेब, बाईसाहेब रवंथ नाही करून राहिल्या."

ती निवाऱ्याच्या भिंतीशी बसली होती. डावी कूस फुगून वर आली होती, श्वास तोंडाने चालू होता. मी दहा मिनिटे तिच्या जबड्याकडे पाहत राहिलो. तो हलला नाही.

अमरावतीहून पशुवैद्यक डॉक्टर बाई आल्या. वयाने लहान पण हात आणि जीभ दोन्ही खंबीर. त्यांनी समजावले ते असे की गवत पचवण्यासाठी बनलेल्या पोटात एकदम मैदा, डाळ आणि गूळ गेला की तिथे आंबणे सुरू होते, आम्ल वाढते, वायू धरतो आणि जनावराला आतल्या आत विषबाधा होते. बेशुद्ध करून नळी घालता आली असती, पण गाभण मादी त्यातून उठेलच याची खात्री नव्हती. एकच मार्ग उरला. बाबूलालने तिला लहानपणी पाजले होते. निवाऱ्याच्या गजांतून बांबूच्या नळकांड्याने खायचा सोडा कालवलेले पाणी आणि तेल त्यानेच हळूहळू पाजावे.

"घाई नको," डॉक्टर बाई म्हणाल्या. "दचकली आणि ठसका लागला तर पाणी फुप्फुसात जाईल. मग मी काही करू शकणार नाही. मला इथे शांतता पाहिजे."

शांतता! करीची सुटी, पावसाची उघडीप, आणि कुंपणाला लागून घाटाचा रस्ता. मी फाटक बंद केले. त्यासाठी लेखी आदेश लागतो. माझ्याकडे तो नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तो मागितला नाही. परिणाम असा झाला की बंद फाटकापुढे गाड्या तुंबल्या आणि हॉर्न सुरू झाले. बाबूलालने नळकांडे तिच्या ओठांशी नेले की एक हॉर्न वाजे, ती मान झटके, पाणी मातीत जाई. असे तीन वेळा झाले. तिसऱ्या वेळी ती खरोखरच ठसकली. डॉक्टर बाईंनी डोळे मिटून घेतले; या वेळी पाणी बाहेर पडले, पुढच्या वेळी पडेलच असे नव्हते.

मी फाटकाकडे निघालो तेव्हा माझा तोल सुटलेला होता. सर्वांत पुढे साठीची एक बाई उभी होती. सुती नऊवारी, हातात फडक्यात बांधलेला डबा. मी तिला ओळखले. आदल्या दिवशी गर्दी पांगताना कठड्यावरून पदर सावरत शेवटी निघालेली ती हीच. मी गजांच्या आतून कलम अडतीस-जे सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने म्हणालो, गुन्हा नोंदवीन म्हणालो, नाव विचारले.

"सुभद्राबाई," ती म्हणाली. "अकोटच्या अलीकडं आमचं गाव. लेकीकडं परतवाड्याले आली. काय झालं भाऊ, कावून एवढं बोलून राहिले?"

"काल तुम्ही आत पोळ्या टाकल्या की नाही?"

"टाकली ना. एकच टाकली. पोळ्याले रिकाम्या गोठ्यासमोर जेवू कशी? घरी ट्रॅक्टर उभा आहे, त्याले पुरणपोळी चारू का?"

"तुम्ही एक टाकलीत. तुमच्यासारख्या दोनशे जणांनी एकेकच टाकली. ती गाभण आहे. मरायला टेकली आहे."

मला वाटले होते की ती वाद घालेल. नऊ वर्षांत प्रत्येकाने घातला होता. डबा तिने मातीत ठेवला, त्यावर हात ठेवून बसली आणि खालच्या आवाजात विचारले, "पोट डावीकडून फुगलं काय?"

"हो."

"वाजवलं त ढोलावानी वाजते?"

"हो."

"अन् हे इथं पोंगे वाजवून राहिले." ती उठली. तिने माझ्याकडे पाठ केली आणि गाड्यांच्या रांगेला तोंड दिले. लग्नघरात पंगतीला हाक मारावी तसा तिचा आवाज लागला.

"ए लेकहो! बंद करा ते पोंगे! आत गाभण जनावर पडून आहे. म्या मारलं त्याले, कालच्या पोळीनं. म्या एक टाकली, तुमी एक टाकली. घरच्या बैलाले एका घरची एक पोळी जाते. याच्या तोंडी साऱ्या जिल्ह्याची गेली. आता औषध पाजून राहिले, थे दचकलं त मरते. ज्यानं काल टाकली असन त्यानं गाडी बंद करून खाली उतरा. ज्यानं नसन टाकली त्यानं बी उतरा."

मागून एक जण ओरडला, "ओ मावशी, आमी लय दुरून आलो, तिकीट काढाचं होतं!"

"मंग दुरूनच पाह्य ना बाप्पा! तुह्या घरी बाळंतीन असली त दारात ढोल वाजवतं काय?"

थोडा हशा झाला. मग एक इंजिन बंद झाले. मग दुसरे. ती रांगेतून चालत गेली, एकेका खिडकीशी वाकून काही बोलली. काय बोलली ते मला ऐकू आले नाही. ऐकू आले ते एवढेच की हॉर्न थांबले आहेत आणि ओढ्याचे पाणी वाहते आहे. त्या रस्त्यावर ओढा ऐकू येतो हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते.

बाबूलालने चौथ्यांदा नळकांडे पुढे केले. तो तिच्याशी कोरकूत बोलत होता. अर्धा घोट गेला. मग एक. तासाभरात बादली रिकामी झाली. डॉक्टर बाईंनी तिला उठवायला सांगितले; बाबूलालने आवाज देऊन, गजांवर थोपटून, हातात ओले गवत धरून तिला उभे केले, आणि ती चार पावले चालली. सूर्य घाटाच्या कड्याआड जाण्याच्या सुमारास तिने एक प्रदीर्घ ढेकर दिला. शासकीय अहवालात तो शब्द कसा लिहावा याचा मला आजही निर्णय करता आलेला नाही. थोड्या वेळाने गळ्याखाली एक गोळा वर सरकला आणि जबडा हलला. मी मोजू लागलो. एकोणिसांपर्यंत पोचलो आणि पुढे मोजता येईना, कारण समोरचे नीट दिसत नव्हते. बाबूलाल म्हणाला, "साहेब, बाईसाहेबाईनं जेवन मान्य केलं." मी त्याला समज दिली नाही.

नियमाप्रमाणे मला कारणे दाखवा नोटीस आली. केंद्र बंद ठेवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? मी चौदा पानी उत्तर पाठवले. तेराव्या पानावर माझ्या हलगर्जीबद्दलही लिहिले होते. बहुधा तिथपर्यंत कुणी वाचले नाही, कारण त्याबद्दल शिक्षा झाली नाही. सुभद्राबाईंवर मी गुन्हा नोंदवला नाही. ते बेकायदेशीर होते. कायद्यावरील माझी निष्ठा अबाधित आहे, तरीही त्या दिवशी कायद्याचे काम कुणी केले हे मला नाकारता येत नव्हते.

आठवड्याने त्या पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना कार्यालयात खुर्ची दिली आणि विचारले, पुढच्या पोळ्याला काय करावे? लोक थांबणार नाहीत.

"थांबवता कशाले?" त्या म्हणाल्या. "देवाले निवद दाखवतो, देव खाते काय? दाखवाचा, अन् आपनच खायाचा. या जनावराले बी दुरून दाखवा. आवतन द्या, पोळी नका देऊ."

मी ते कलम पुन्हा एकदा शब्दशः वाचले. खाऊ घालण्यास मनाई आहे. हात जोडून दुरून दाखवण्यास नाही. फाटकाजवळ एक ओटा बांधून घेतला. फलक उतरवला आणि नवा लावला. त्यावर बाबूलालने सांगितले आणि मी लिहिले, दोन ओळी: 'एका घरची एक पोळी, असे दोनशे घरांनी म्हटले म्हणजे गवा मरतो. नैवेद्य ओट्यावर दाखवा आणि घरच्यांनी खा.' माझ्या सेवेतील तेवढाच एक मसुदा असा आहे, ज्यात कायद्याचा उल्लेख नाही. लोक तो उभे राहून वाचू लागले. काही जण अजूनही टाकतात. त्यांना आता मला नव्हे, शेजारी उभ्या असलेल्या माणसांना तोंड द्यावे लागते.

दसऱ्यानंतर वासरू झाले. तीन दिवस मादीने त्याला उंच गवतात दडवून ठेवले. चौथ्या दिवशी रविवार होता. कठड्यावर साठ-सत्तर माणसे होती, सुभद्राबाई लेकीला आणि जावयाला घेऊन आल्या होत्या, मी आणि बाबूलाल दोन टोकांना होतो. कुणालाच काही दिसत नव्हते. मागचे पुढच्यांना रेटत होते, मोबाईल उंचावलेले होते. मग गवत हलले आणि मादी बाहेर आली. तिच्या पायांशी ते होते, सोनेरी, ओलसर डोळ्यांचे, कसेबसे तोल सांभाळणारे. मादी थबकली. तिने आमच्याकडे पाहिले आणि एक पाऊल गवताकडे परत टाकले.

"मागं सरा," सुभद्राबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तिले पाजाचं आहे."

शिट्टी माझ्या तोंडात होती. ती वाजवावी लागली नाही. कठड्याची ती सबंध ओळ, पोरेबाळे, सासवा-सुना, चिखलदऱ्याहून परतणारी पोट्ट्यांची टोळी, दोन पावले मागे आली, आणि मग कुणी न सांगता आणखी दोन. वासराने मान वर केली आणि आईचे आचळ धरले.